नाकाच्या मापात बसवलेली जात

बनारसच्या संस्कृत कॉलेजात फिरून आलेल्या परक्या माणसाने बाहेर रस्ता झाडणाऱ्यांकडे पाहिले, तर नुसत्या चेहऱ्यामोहऱ्यावरून यातला पंडित कोण आणि झाडूवाला कोण हे त्याला सांगता येणार नाही, अशा अर्थाचे विधान जॉन नेसफील्डने १८८५ साली केले. नेसफील्ड वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षण खात्यातला अधिकारी. जाती धंद्यांमधून तयार झाल्या, रक्तातून नव्हे, आणि इथले लोक केव्हाच एकमेकांत मिसळून गेले आहेत, असे त्याचे मत होते. त्याच वर्षी बंगालमध्ये हर्बर्ट होप रिस्ले या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातीजमातींच्या पाहणीचे काम आले. रिस्लेला नेसफील्डचे म्हणणे मुळीच मान्य नव्हते. ते खोडून काढण्यासाठी त्याने कॅलिपर हाती घेतला.

जात रक्तात असते की माणसांनी घडवलेल्या व्यवहारात, या वादाने पुढची ऐंशीहून अधिक वर्षे भारतातल्या मानवशास्त्राचा पिच्छा पुरवला. त्याला महत्त्वाची वळणे देणाऱ्यांत मराठी माणसे बरीच पुढे होती. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकणारे भीमराव आंबेडकर आणि बर्लिनमध्ये कवट्या मोजायला बसलेल्या इरावती कर्वे यांची नावे त्यात अग्रभागी येतात. साहेबाच्या तक्त्यात ज्यांना रकाना नेमून दिला होता, त्यांनीच तो तक्ता तपासायला घेतला.

रिस्लेने मोजायला सुरुवात केली तेव्हा मानवशास्त्र नुकते बाळसे धरत होते. एडवर्ड टायलरचा ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ १८७१ मध्ये आला, लुईस हेन्री मॉर्गनचा ‘एन्शंट सोसायटी’ १८७७ मध्ये. रानटी, अर्धसंस्कृत आणि सुसंस्कृत अशा पायऱ्या चढत मानवजात पुढे जाते आणि सर्वांत वरच्या पायरीवर युरोप उभा आहे, हे त्या काळाचे गृहीतक होते. मिशनरी, खलाशी आणि सरकारी अधिकारी यांनी पाठवलेल्या माहितीवरून दूरच्या समाजांविषयी ग्रंथ लिहिले जात. जेम्स फ्रेझरने जगभरच्या चालीरीतींवर खंडच्या खंड लिहिले, पण त्या पाळणाऱ्या लोकांमध्ये जाऊन तो कधी राहिला नाही. दुसरीकडे पॅरिसमध्ये पॉल ब्रोका आणि त्याच्यामागून पॉल तोपिनार यांनी कवट्या, नाके आणि हाडे मोजण्याचे शास्त्र उभारले होते. संस्कृतीच्या पायऱ्या आणि शरीराची मापे यांची सांगड घालण्याचा मोह तेव्हाच्या विद्वानांना आवरला नाही.

हिंदुस्थानात या मोहाला राज्यकारभाराची गरज येऊन मिळाली. १८५७ च्या उठावाने सरकार हादरले होते. आपण ज्यांच्यावर राज्य करतो ते लोक आहेत तरी कोण, हे जाणून घेण्याची निकड निर्माण झाली. १८७२ पासून जनगणना सुरू झाली आणि जातींच्या लांबलचक याद्या दप्तरात जमू लागल्या. त्या याद्यांना क्रम लावण्यासाठी एखादी ‘शास्त्रीय’ कसोटी हवी होती.

रिस्लेला ती नाकात सापडली. पद्धत साधी होती. दोन डोळ्यांच्या मध्ये जिथे नाक सुरू होते तिथपासून खाली नाकाच्या तळापर्यंतची उंची घ्यायची, मग नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांवर कॅलिपरची दोन टोके टेकवून रुंदी घ्यायची, रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. उंची ५० मिलिमीटर आणि रुंदी ३५ असेल तर निर्देशांक ७० येतो. ७० च्या खालचे नाक बारीक, ८५ च्या वरचे रुंद, मधले मध्यम. बारीक नाक आर्यांचे आणि रुंद नाक द्रविडांचे, हे आधीच ठरलेले होते. वैद्यकीय खात्यातल्या साहाय्यकांना शिकवून रिस्लेने सुमारे ६,००० माणसांची मापे जमवली आणि १८९१ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. त्याच्या मते जातीची सामाजिक पायरी जितकी वरची, तितके तिचे सरासरी नाक बारीक असते.

या निष्कर्षाने कारभाराची मोठीच सोय झाली. हजारो वर्षांच्या व्यवहारातून, सत्तेतून आणि बळजबरीतून घडलेली विषमता आता शरीरातच कोरलेली असल्याचे दाखवता येत होते. जी गोष्ट हाडांत आहे तिच्याविषयी कोणाला जाब विचारणार? रिस्लेच्या साऱ्या कामातला सर्वांत घातक भाग मला हा वाटतो.

१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्लेच होता. स्थानिक लोकमतानुसार जातींचा उच्चनीच क्रम लावून द्या, असा आदेश त्याने प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना दिला. परिणाम दिसायला वेळ लागला नाही. आपली पायरी खाली लागली म्हणून अनेक जाती संतापल्या, सभा भरल्या, जातीच्या संस्था निघाल्या, वंशावळी छापून सरकारकडे अर्ज गेले. १९११ च्या जनगणनेच्या वेळी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरल्याची नोंद आहे. जनगणना समाजाचे नुसते चित्र काढत नव्हती, समाजाला नवा आकार देत होती. गावपातळीवर सैल आणि वादग्रस्त असलेला क्रम सरकारी कागदावर आला की त्यासाठी भांडणे अपरिहार्य होते.

१९०८ मध्ये रिस्लेचा ‘द पीपल ऑफ इंडिया’ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने इथल्या लोकांचे सात वांशिक प्रकार पाडले. महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी, शिवाय कुर्गचे लोक, यांना त्याने ‘सिथो-द्रविडियन’ म्हणजे शक आणि द्रविड यांच्या मिश्रणातून आलेला प्रकार ठरवले. मराठ्यांच्या दूरवरच्या स्वाऱ्या, गनिमी कावा आणि राजकारणातले डावपेच हा शक पूर्वजांकडून आलेला वारसा असू शकेल, असेही त्याने सुचवले. सह्याद्रीचा भूगोल, दख्खनच्या सुलतानशाह्या, मोगलांशी झालेला दीर्घ संघर्ष हे सारे बाजूला सारून शिवकालाचा उलगडा डोक्याच्या आणि नाकाच्या मापातून करायचा प्रयत्न त्या काळी गंभीर शास्त्र म्हणून छापला गेला. मद्रासमध्ये एडगर थर्स्टन तर संग्रहालय पाहायला आलेल्या लोकांनाही मापे घेण्यासाठी उभे करत असे.

पण याच सुमारास अमेरिकेत या शास्त्राच्या पायाखालची वाळू सरकू लागली होती. फ्रान्झ बोआस हा मूळचा जर्मन, पदवीने भौतिकशास्त्रज्ञ. १८८३ मध्ये तो आर्क्टिकमधल्या बॅफिन बेटावर गेला, तिथल्या इनुइट लोकांमध्ये राहिला आणि माणसांच्या अभ्यासाकडे वळला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याने मानवशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. अमेरिकेत स्थलांतर केलेल्या युरोपीय कुटुंबांतल्या सुमारे १८,००० लोकांची मापे घेऊन त्याने १९११ च्या सुमारास दाखवले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार त्यांच्या आईबापांपेक्षा वेगळा निघतो. जो आकार वंशाची कायमची खूण समजला जात होता, तो एका पिढीत बदलत होता. एखाद्या समाजाची संस्कृती त्याच्या इतिहासातून समजते, वंशातून नाही, ही बोआसची शिकवण त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे नेली.

त्या विद्यार्थ्यांपैकी एक अलेक्झांडर गोल्डनवायझर. कोलंबियातल्या त्याच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने निबंध वाचला. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा तो निबंध आणि विद्यार्थी भीमराव आंबेडकर. आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. पुढे ज्ञानकोशकार म्हणून घराघरांत पोचलेल्या केतकरांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये निघाला होता, आणि चौघांत आंबेडकरांना तोच सर्वांत जवळचा वाटला. त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र वेगळे आणि धारदार होते. जातीचे सार जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी मांडले.

मग त्यांनी या बंधनाचे यंत्र कसे चालते ते उलगडून दाखवले. एखाद्या गटाने बाहेर सोयरीक बंद केली की गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा आधी वारला तर विधवा ‘जास्तीची’ ठरते, बायको आधी गेली तर विधुर. विधवेला सती पाठवणे, तिच्यावर सक्तीचे वैधव्य लादणे आणि विधुराला अल्पवयीन मुलीशी लग्न लावून देणे या तीन क्रूर रूढी म्हणजे हे गणित जुळवण्याचे उपाय होते. नाकाच्या मापाची इथे गरजच उरली नाही. युरोपीय अभ्यासक स्वतःच वर्णद्वेषाने भारलेले असल्याने त्यांना जातीच्या मुळाशीही रंगच दिसतो, हेही आंबेडकरांनी तिथे स्पष्टपणे सांगितले. निबंध १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जातीचा विचार स्त्रीच्या देहावरच्या नियंत्रणापासून सुरू करणारा इतका लवकरचा दुसरा निबंध शोधूनही सापडणे अवघड. मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमांत त्याला त्याचे स्थान मिळायला मात्र फार उशीर झाला.

घुर्ये वेगळ्या वाटेने आले. मालवणात १८९३ मध्ये जन्म, शिक्षण संस्कृतचे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस यांनी या तरुणाला हेरले आणि घुर्ये इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये त्यांना डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स गुरू म्हणून लाभले. रिव्हर्स मूळचे डॉक्टर. १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर गेले असताना त्यांनी माणसांकडून त्यांची वंशावळ सविस्तर सांगून घेण्याची पद्धत बसवली, आणि निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये ती वापरून १९०६ मध्ये ग्रंथ लिहिला. कोण कोणाचा कोण, कोणाचे लग्न कोणाशी, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले. १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. घुर्ये यांनी प्रबंध ए. सी. हॅडन यांच्या हाताखाली पुरा केला आणि १९२४ मध्ये ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले.

त्या प्रबंधातून वाढलेला ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ १९३२ मध्ये बाहेर पडला. घुर्ये यांनी रिस्लेची मापे आणि त्याच्या मागून आलेली मापे प्रांतवार मांडून पाहिली. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, जातीचा क्रम आणि नाकाचा निर्देशांक काहीसा जुळत होता. बाकीच्या भाषिक प्रांतांत मेळ बसेना. मुंबई इलाख्यातली मापे तर विलक्षण निघाली. देशस्थ ब्राह्मणाचे माप चित्पावनापेक्षा सोनकोळ्याशी अधिक जुळत होते. त्यापाठोपाठ महार आणि कुणबी यांची मापे जवळजवळ येत होती. शेणवी, नागर ब्राह्मण आणि उच्चकुलीन मराठा त्यांच्याही नंतर. सामाजिक उतरंड आणि शारीरिक फरक यांचा या इलाख्यात काही संबंध नाही, हे रिस्लेच्याच पद्धतीने सिद्ध झाले. जनगणनेतल्या क्रमवारीने जातीची ईर्ष्या वाढवली, असा ठपकाही घुर्ये यांनी ठेवला.

उत्तरेपुरता वांशिक सिद्धान्त त्यांनी राखला, हे नमूद केलेच पाहिजे. आदिवासींना ते ‘मागासलेले हिंदू’ म्हणत, आणि त्यावरून आदिवासींचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांच्याशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. पण मापांचा हा हिशेब मांडून त्यांनी एक दार कायमचे उघडले. १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ लिहिताना आंबेडकरांनी घुर्ये यांची हीच मापे हाती घेतली आणि रोखठोक प्रश्न घातला. शरीरमापन हे शास्त्र मानायचे असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत हे त्यातूनच सिद्ध होते. मग अस्पृश्यतेला वंशाचा आधार उरतो कुठे?

आकडेशास्त्राच्या अंगानेही रिस्लेची तपासणी झाली. १९२० मध्ये नागपूरला सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांना नेल्सन ॲनँडेल यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मापांवर काम करायला सुचवले. त्या कामातून दोन गटांमधले ‘अंतर’ एकाच वेळी अनेक मापांवरून काढण्याचे सूत्र पुढे आले. १९३३ मध्ये त्यांनी रिस्लेच्या बंगालमधल्या आकड्यांतल्या चुका शोधून ते दुरुस्त केले. महालनोबिस यांचे हे सूत्र आज जगभर संख्याशास्त्रात वापरले जाते.

आता बर्लिन. इरावती करमरकर यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, आणि नाव तिथल्याच नदीवरून ठेवलेले. शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसनमध्ये. मुंबईत घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर एम. ए. चा प्रबंध लिहिला. लग्न महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी झाले. १९२८ मध्ये परदेशी जायचे ठरले तेव्हा, ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले त्या सासऱ्यांचाच विरोध होता. दिनकरराव पाठीशी उभे राहिले, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि इरावतीबाई जर्मनीला पोचल्या.

बर्लिनच्या दालेम भागातली कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था १९२७ मध्ये सुरू झाली होती. तिचा संचालक ऑयगेन फिशर. १९०८ मध्ये जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्र वंशाच्या रेहोबोथ लोकांची पाहणी करून त्याने नाव कमावले होते. वंशमिश्रण हे संकट आहे, असे तो मानत असे. इरावतीबाईंना त्याने विषय दिला तो कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा. युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी असमान आणि म्हणून तो अधिक विवेकी, अशी फिशरची अटकळ होती. संस्थेच्या संग्रहातल्या कवट्यांत वसाहतींमधून आणलेल्या कवट्याही होत्या. परक्या देशात, परक्या भाषेत, कर्जावर शिकणाऱ्या या तरुणीने १४९ कवट्या हाताळल्या, एकेकीच्या डाव्या-उजव्या बाजूंची मापे घेतली आणि लिहिले की असमानता सर्वच मानवी कवट्यांत आढळते, तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या लाडक्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच्याच संस्थेत लेखी देण्याचे हे धाडस मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

१९३० मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. ही संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देत राहिली. फिशरनंतर संचालक झालेल्या फर्शुअरचा शिष्य योझेफ मेंगेले आउश्विट्झच्या छळछावणीतून तिथे मानवी अवयवांचे नमुने पाठवत होता. रिस्लेच्या कॅलिपरमागचे तत्त्व बेलगाम सत्तेच्या हाती पडल्यावर काय करू शकते, हे जगाने तेव्हा पाहिले.

इरावतीबाई १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. मापे घेणे त्यांनी सोडले नाही, हे आज वाचताना खटकते. पण त्यांच्या हातात त्या मापांचा रोख पालटत गेला. वि. म. दांडेकर यांच्यासोबत १९५१ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या शरीरमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुणबी’ हे नाव एक असले तरी त्याखाली येणाऱ्या जाती एकाच मुळाच्या नाहीत, हे त्यांचे प्रतिपादन होते. इथे गुरूशी मतभेद झाला. एका समाजाचे तुकडे पडत जाती झाल्या, असे घुर्ये मानत; वेगवेगळे समूह आपापले वेगळेपण राखून शेजारी येऊन बसले आणि हिंदू समाज झाला, असे इरावतीबाई म्हणत.

हाडांनी न दिलेली उत्तरे त्यांनी नात्यांत शोधली. १९५३ चा ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी भारतभर हिंडून, नात्यांचे शब्द, लग्नाचे नियम आणि महाकाव्यांतले दाखले जमवून लिहिला. उत्तरेत गावातली आणि जवळच्या नात्यातली मुलगी वर्ज्य. दक्षिणेत मामाशी किंवा आतेभावाशी लग्न नेहमीचे. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर येतो. इथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. आंबेडकरांनी १९१६ मध्ये जातीचे मर्म जिथे दाखवले होते, त्या लग्नसंबंधांच्या मांडवात मानवशास्त्र आता दुसऱ्या दाराने येऊन पोचले. बाईंनी पंढरीची वारी पायी केली आणि तीवरही लिहिले. कोयना धरणाने उठवलेल्या गावांतल्या माणसांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना मांडली. पायरी एकच असूनही हे गट एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले. १९७० मध्ये त्या गेल्या. घुर्ये १९८३ पर्यंत होते आणि अखेरपर्यंत लिहीत राहिले.

या साऱ्या खटाटोपातून हाती काय लागले? विद्यापीठांतून नाकाचा निर्देशांक हद्दपार झाला. १९३१ नंतर जनगणनेने सर्व जातींची तपशीलवार यादी देणे थांबवले. पण जातीच्या संस्था आणि वंशावळींचे राजकारण टिकले, आणि चेहऱ्यावरून जात ओळखता येते हा समज गप्पांपासून सोयरिकीपर्यंत अजून वावरतो. नेसफील्डच्या बनारसमधल्या साध्या निरीक्षणाकडे रिस्लेने डोळे उघडे ठेवून पाहिले असते, तर अनेकांच्या वाट्याला आलेला अपमान तरी टळला असता.

२ ऑक्टोबर १९८५ रोजी भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाने के. सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली देशभरची नवी पाहणी सुरू केली. तिला नाव दिले रिस्लेच्याच ग्रंथाचे, ‘पीपल ऑफ इंडिया’. ४,६३५ समाजांची नोंद झाली. खाणेपिणे, पेहराव, लग्न, भाषा, धंदे, सगळे विचारले गेले. एका भागात शेजारी राहणाऱ्या वेगवेगळ्या जाती एकमेकांशी पुष्कळच मिळत्याजुळत्या आहेत, हा तिच्या ठळक निष्कर्षांपैकी एक. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ च्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे, असे लिहून ठेवले होते.